पाकिटावरचा आकडा खरा, पण प्रथिन अपुरं

वाचकाचं पत्र

'ताई, चार महिन्यांपासून वजनं उचलण्याचा व्यायाम करतो आहे. पीठ आणि साखर जवळपास बंद केली आहे. दुपारच्या भुकेला डुकराच्या कातडीचे फुलवलेले कुरकुरीत तुकडे, म्हणजे पोर्क रिंड्स खातो. रोज ७० ग्रॅमचं एक पाकीट. त्यात ४३ ग्रॅम प्रथिनं आणि कर्बोदकं शून्य, म्हणून दिवसभराच्या ९० ग्रॅम प्रथिनांपैकी जवळजवळ निम्मा हिशेब त्यावरच धरतो. कधी बदल म्हणून पोर्क जर्की (वाळवलेल्या मांसाच्या पट्ट्या) किंवा पोर्क फ्लॉस (धागे सोडवून कोरडं केलेलं मांस) आणतो. पण अलीकडे खाऊनही पोट भरल्यासारखं वाटत नाही, तहान फार लागते आणि व्यायामातली प्रगती अडकली आहे. घरी आई आहे. तिला रक्तदाब आहे आणि तीही माझ्या पाकिटात हात घालते. त्यात एक मोठं पाकीट उघडं राहून सादळलं. ते रश्शात टाकलं तर सगळ्याचा चिकट लगदा झाला. हे पदार्थ खावेत की सोडून द्यावेत? आणि स्वयंपाकात वापरायचे तर कसे?'

उत्तर

नमस्कार. सोडून द्यायची गरज नाही. पण आजपासून एक करा: पोर्क रिंड्स तुमच्या प्रथिनांच्या हिशेबातून काढून टाका. पूर्ण ४३ ग्रॅम. खायचे तर चवीसाठी, कुरकुरीतपणासाठी खा. स्नायू बांधायला लागणारी प्रथिनं वेगळी मोजा. पत्र वाचताना मला खरी काळजी वाटली ती तुमच्या त्या 'निम्म्या हिशेबा'ची. बाकीच्या गोष्टी सावरता येतील अशा आहेत.

पाकिटावरचा आकडा खोटा नाही. साध्या, मीठ लावलेल्या पोर्क रिंड्सच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ६१ ग्रॅम प्रथिनं, ३१ ग्रॅम चरबी आणि ५४० च्या पुढे कॅलरी असतात. म्हणजे तुमच्या ७० ग्रॅमच्या पाकिटात ४३ ग्रॅम प्रथिनं, २२ ग्रॅम चरबी, ३८० च्या आसपास कॅलरी. कर्बोदकं नाहीत, तसे तंतूही नाहीत. प्रश्न आहे तो हे प्रथिन कोणतं, हा.

कातडी म्हणजे मांस नव्हे. कातडीतलं बहुतेक प्रथिन कोलॅजन असतं, म्हणजे शरीराला ताणून, बांधून धरणारा दोर. त्याची घडण ठरलेली: दर तीन अमिनो आम्लांमागे (प्रथिनं ज्या घटकांची बनतात ते) एक ग्लायसिन, आणि प्रोलिन व हायड्रॉक्सिप्रोलिनही भरपूर. त्वचा, अस्थिबंध, कूर्चा यांच्या घडणीला ही आम्लं लागतात, पण ती शरीर स्वतःही तयार करू शकतं. जी नऊ अमिनो आम्लं आपल्याला अन्नातूनच मिळवावी लागतात, त्यांपैकी ट्रिप्टोफॅन कोलॅजनमध्ये अजिबात नसतं. मेथिओनिन अगदी कमी. आणि स्नायूंना 'आता बांधणीला लागा' असा निरोप देणारं ल्युसिन मांसातल्या प्रथिनात शेकडा ८ च्या आसपास असतं, तर कोलॅजनमध्ये शेकडा ३ च्या आसपास. भिंत बांधायला विटा मागवाव्यात आणि निम्म्या गाडीत नुसती वाळू यावी, तसं हे आहे. वाळूही लागतेच, पण भिंतीची उंची विटांवर ठरते.

प्रथिनाचा दर्जा मोजण्याच्या रूढ पद्धतीत, एखादं अत्यावश्यक आम्ल पूर्णपणे गायब असेल तर गुणांक शून्य येतो. निव्वळ जिलेटिनचा तो तसाच येतो, आणि जिलेटिन म्हणजे शिजून सुटं झालेलं कोलॅजन. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या पोर्क रिंड्सच्या काही पाकिटांवर तर प्रथिनांचे ग्रॅम छापून त्याच चौकटीत 'हा प्रथिनांचा लक्षणीय स्रोत नाही' अशा अर्थाची ओळ असते. पहिल्यांदा वाचणारा गोंधळतो, पण दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत. तुमच्या पाकिटाची मागची बाजू एकदा नीट वाचा.

हा धडा नवा नाही, आणि इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण आजच्या कोलॅजनच्या लाटेत तो लक्षात राहायला हवा. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने हाडांतून जिलेटिन काढून त्याचं सूप गरिबांना आणि रुग्णालयांतल्या रुग्णांना द्यावं असा आग्रह धरला. स्वस्तात पोषण, अशी कल्पना होती. त्यातून इतका वाद झाला की फ्रेंच विज्ञान अकादमीने शरीरशास्त्रज्ञ फ्रांस्वा माजांदी यांच्या नेतृत्वाखाली चौकशी समिती नेमली. समितीचा अहवाल १८४१ मध्ये आला. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेली कुत्री जगत नव्हती. सगळी प्रथिनं सारखी नसतात, हे त्या वेळी फार थोड्यांना मान्य होतं. त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं उलटली, आणि १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कातडी आणि कंडरांपासून काढलेलं द्रवरूप प्रथिन पिऊन, जवळजवळ दुसरं काहीच न खाता वजन उतरवण्याची टूम आली. त्या आहारावर असलेल्या अनेकांचा हृदयाचे ठोके बिघडून मृत्यू झाला. उपासमार, खनिजांची कमतरता आणि निकृष्ट प्रथिन हे तिन्ही तिथे एकत्र आले होते. तुमची गत तशी अजिबात नाही, तुम्ही बाकीचं जेवताच. पण 'प्रथिन' हा एकच शब्द वाचून पुढचं न विचारणं माणसाला कुठवर नेतं, ते यातून दिसतं.

तुमची प्रगती यामुळेच थांबली असं मी इथे बसून छातीठोकपणे म्हणणार नाही. झोप, व्यायामाची आखणी, एकूण कॅलरी हे सगळं पाहावं लागेल. तरी ९० पैकी ४३ ग्रॅम कोलॅजन असेल, तर स्नायूंच्या वाट्याला खात्रीचं प्रथिन ४७ ग्रॅमच उरतं. सर्वात आधी दुरुस्त करायची गोष्ट हीच. अंडी, मासे, दूध-दही, साधं मांस, डाळी-कडधान्यं यांतून तुमच्या सोयीने ती भर काढा. रिंड्स खाल्ले तर ते त्यांच्यावर, त्यांच्याऐवजी नाही.

पोट न भरण्याचं कारणही याच पदार्थाच्या घडणीत आहे, आणि ते समजलं की स्वयंपाकातली तुमची अडचणही सुटेल. कातडी आधी पाण्यात शिजवतात. तिच्या आतल्या बाजूची चरबी काढून टाकतात. मग लहान तुकडे करून मंद आचेवर खूप वेळ वाळवतात. असा वाळलेला तुकडा मी हातात घेऊन पाहिला आहे. बोटाच्या पेराएवढा, मधाच्या रंगाचा, जवळजवळ पारदर्शक. टेबलावर टाकला तर खडा पडल्यासारखा वाजतो. त्यात थोडासाच ओलावा उरलेला असतो, आणि सारी करामत त्या उरलेल्या ओलाव्याची. साधारण २०० अंश सेल्सिअसच्या चरबीत हा तुकडा टाकला की आधी तळाशी जातो, कडा पांढुरक्या होतात, अंग वळवतो, आणि मग काही सेकंदांत आतल्या पाण्याची वाफ होऊन तो कितीतरी पटींनी फुलून वर येतो. जिलेटिन उष्णतेने मऊ होऊन ताणलं जातं, वाफ निसटली की बुडबुड्यांच्या आकारातच कडक होतं. तुकडा जास्त वाळला तर फुलायला वाफच नसते. ओला राहिला तर वातड होतो.

म्हणजे तुमच्या हातातला तुकडा बराचसा हवा आहे. दातांखाली चटकन मोडतो, तोंडात विरघळतो, चावण्याचं काम संपतं आणि हात परत पाकिटात जातो. ३८० कॅलरी पोटात जातात, पण तंतू नाहीत, पाणी नाही, वजन नाही. पोट भरेल कसं?

तहानेचं कारण मीठ. १०० ग्रॅम रिंड्समध्ये साधारण १,८०० मिलिग्रॅम सोडियम असतं. मसाला लावलेल्या प्रकारांत कमी-जास्त होईल, पण तुमच्या पाकिटाचा अंदाज १,२७० मिलिग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे सव्वातीन ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटनेची मोठ्या माणसासाठीची शिफारस दिवसाला ५ ग्रॅम मिठापेक्षा कमी, म्हणजे २,००० मिलिग्रॅम सोडियमपेक्षा कमी, अशी आहे. जेवणातलं मीठ मोजायच्या आधीच तुमचा निम्म्याहून जास्त वाटा दुपारच्या एका पाकिटात संपतो.

आईंबद्दल मी स्पष्ट लिहिते. रक्तदाब असलेल्या माणसाने रोज यात हात घालू नये. चार तुकड्यांनी काही होत नाही असं त्या म्हणतील, पण तुम्ही पाकीट रोज उघडता, म्हणजे चार तुकडेही रोजचेच झाले. त्यांची मूत्रपिंडं नाजूक असतील किंवा त्या पाणी बाहेर काढणाऱ्या गोळ्या घेत असतील, तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात नको. त्यांच्यापासून लपवून खाऊ नका. ते घरात बोचतं. त्याऐवजी पाकीट उघडं ठेवून खाण्याची पद्धत बंद करा. २०-२५ ग्रॅम वाटीत काढा, पाकीट घट्ट मिटून वर ठेवा. तुमचंही मीठ तिसऱ्या हिश्श्यावर येईल. दातांचंही बघा: न फुललेला एखादा तुकडा दगडासारखा राहतो, आणि दातांवर टोपी बसवलेली असेल तर तेवढा एक पुरतो. लहान मुलांच्या घशात हे तुकडे अडकू शकतात.

चरबीची मात्र जितकी भीती दाखवली जाते तितकी मला वाटत नाही. डुकराच्या चरबीत साधारण शेकडा ४० संपृक्त मेदाम्लं असतात, पण त्याहून थोडं जास्तच ओलेइक आम्ल असतं, जे ऑलिव्ह तेलातही मुख्य असतं. यावरून ती तब्येतीला चांगली ठरत नाही, पण विषही ठरत नाही. रोजच्या २२ ग्रॅमचा विचार करायला हवा, वाटीभर रिंड्सच्या ६-७ ग्रॅमचा धसका घेऊ नये.

आता जर्की. तुम्ही तिला रिंड्सची बदली म्हणून खाता, पण हा संपूर्ण वेगळा पदार्थ आहे. जर्की कातडीची नसते, बिनचरबीच्या मांसाची असते, त्यामुळे तिच्या प्रथिनात सगळी अत्यावश्यक अमिनो आम्लं असतात. डुकराचं मांस थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्वासाठी नेहमीच्या मांसांत सगळ्यात सरस. वाळवण्यात, तापवण्यात काही थायमिन नष्ट होतं, तरी काही उरतं. प्रथिनांच्या हिशेबात जर्की धरायला माझी हरकत नाही. मात्र पाणी उडतं तेव्हा प्रथिनांबरोबर मीठही आटून दाट होतं. २८ ग्रॅमच्या मूठभर जर्कीत ५०० मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असणं सर्रास आढळतं. तुम्ही साखर सोडली आहे म्हणता, तर घटकांची यादी वाचाच. अनेक जर्कींमध्ये साखर, मध किंवा सिरप पहिल्या तीन-चार घटकांत असतं. सिंगापूर-मलेशियात चांद्र नववर्षाला आवर्जून खाल्ला जाणारा बाक्वा हा तर गोडसर पदार्थच. त्याचं मूळ चीनच्या फुजिअन प्रांतात आहे. मांसाच्या पातळ चौकोनी पट्ट्या साखर आणि सोया सॉसमध्ये मुरवून, वाळवून निखाऱ्यावर भाजतात. त्याच्या कडांना आलेला काळसर, चकचकीत थर साखरेचाच असतो. सणाला खावा, प्रथिन म्हणून मोजू नये.

फ्लॉसचंही तेच. चिनी भाषेत रोउसोंग. बिनचरबीचं मांस धागे सुटेपर्यंत शिजवतात, मग सोया सॉस आणि साखर घालून रुंद कढईत तासन् तास परतत कोरडं करतात, तेव्हा ते कापसासारखं हलकं होतं. खरं मांस, चांगलं प्रथिन. पण काही स्वस्त प्रकारांत वाटाण्याचं किंवा इतर डाळीचं पीठ मिसळलेलं असतं, आणि साखर तर असतेच. कर्बोदकं शून्य समजून चमच्या-चमच्याने खात असाल तर तो समज चुकीचा आहे. फ्लॉस पोटभर खायचा पदार्थ नाहीच. चीन-तैवानमध्ये तांदळाच्या पातळ पेजेवर चिमूटभर, किंवा मऊ पावावर वरून थापून, असा तो खातात. वाढताना शेवटी टाकायचा, आधी टाकला तर ओलावा पिऊन त्याची गुठळी होते.

जर्कीच्या बाबतीत आणखी एक गंभीर गोष्ट. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने, खारवून, मुरवून, धुरी देऊन टिकवलेल्या मांसाला माणसात कर्करोग घडवणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात ठेवलं. रोज ५० ग्रॅम असं मांस खाण्याने मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो, असा त्यांचा अंदाज आहे. हे १८ टक्के मूळ धोक्यावरचे आहेत, शंभरातल्या अठरा जणांना रोग होतो असा त्याचा अर्थ नाही. तरी 'रोज' या शब्दाकडे लक्ष द्या. प्रवासात, डोंगर चढताना, जेवणाची सोय नसेल तिथे जर्की उत्तम. रोज दुपारी नको.

पैसे वाचवायला जर्की घरी करावी असं मनात येईल, कारण व्यायामशाळेत त्याच्या कृती एकमेकांना सांगितल्या जातात. डुकराच्या मांसात हयगय चालत नाही. मांसात ट्रायकिनेला या कृमीच्या अळ्या असू शकतात, आणि मीठ लावणं, वाळवणं, धुरी देणं यांनी त्या मरतीलच अशी खात्री नसते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा नियम असा: १५ सेंटिमीटरपेक्षा कमी जाडीचं डुकराचं मांस उणे १५ अंश सेल्सिअसला २० दिवस गोठवून ठेवावं. रानडुकरासारख्या शिकारीच्या मांसाला हा उपाय पुरत नाही, कारण त्यातल्या कृमीच्या काही जाती गोठणं सहन करतात. आणि वाळवण्याआधी मांस आतून ७१ अंशांपर्यंत तापवावं. पट्ट्या सुकवणीच्या यंत्रात ६० अंशांवर टाकल्या की झालं, असं लोकांना वाटतं. ते खरं नाही. पाणी उडत असतं तोवर मांस थंडच राहतं, आणि कोरडे झालेले जंतू उष्णतेला जास्त दाद देत नाहीत. म्हणून आधी तापवायचं, मग वाळवायचं. मांस टिकवण्यासाठीचं गुलाबी क्युअरिंग मीठ वापरणार असाल तर वजनकाट्यावरच मोजा. त्यात ६.२५ टक्के सोडियम नायट्राइट असतं, आणि साध्या मिठाशी गल्लत होऊ नये म्हणूनच त्याला गुलाबी रंग देतात. तिथे अंदाजाने घालणं धोक्याचं आहे.

आता तुमच्या रश्शाकडे येऊ, मला सगळ्यात जास्त तिथेच यायचं होतं. तुमचा लगदा का झाला? रिंड्स म्हणजे वाळलेल्या जिलेटिनचा फेस. गरम पाणी लागलं की ते पाणी पिऊन परत जिलेटिनच्या वाटेला लागतं. तुम्ही पातळ रश्शात, भरपूर, आणि बहुधा बराच वेळ उकळलंत. मेक्सिकोत हाच गुण वापरून न्याहारीचा एक पदार्थ होतो, चिचारोन एन साल्सा वेर्दे. टोमाटिलो या टोमॅटोसारख्या हिरव्या फळांची आंबट-तिखट साल्सा, म्हणजे चटणी, आधी दाट आटवून घेतात, मग चिचारोनचे, म्हणजे तिथल्या रिंड्सचे, मोठे तुकडे त्यात टाकतात आणि काही मिनिटांतच उतरवतात. तुकड्याची कड लुसलुशीत होते, मधला भाग थोडा दाताला लागतो, आणि प्रत्येक घासात साल्सा शोषलेली असते. आंबटपणा चरबीला कापतो. हे जमायला तीन गोष्टी लागतात: रस्सा दाट आणि आंबट हवा, तुकडे मोठे आणि जाड हवेत, आणि खाणारे ताटावर बसलेले हवेत. आणि मीठ? साल्सात घालूच नये. तुकडे टाका, हलवा, चाखा, मग ठरवा.

फिलिपिन्सची रीत मला तुमच्यासाठी त्याहूनही आवडते. तिथे मोंगो नावाचं मुगाचं दाट कालवण करतात आणि वाढताना वर चिचारोन चुरून टाकतात. खाली मऊ मूग, वर कुरकुरीत खारट चुरा. मुगात ट्रिप्टोफॅन आहे, तंतू आहेत, पोट भरण्याचं वजन आहे. कातडीकडून आला तो कुरकुरीतपणा आणि चव. वाटीभर मुगावर १०-१२ ग्रॅम रिंड्स पुरतात, म्हणजे तुमच्या पाकिटाचा सहावा-सातवा भाग. कडधान्यांतली कर्बोदकं तुमच्या नियमात बसत नसतील तर अंड्यावर टाका, भाजलेल्या भाज्यांवर टाका, हिरव्या सॅलडवर पावाच्या तळलेल्या तुकड्यांऐवजी टाका. उत्तर थायलंडमध्ये भाजलेल्या हिरव्या मिरच्यांच्या नाम प्रिक नुम या चटणीत काएप मू, म्हणजे तिथले रिंड्स, बुडवून खातात, सोबत उकडलेल्या भाज्या असतात. सगळीकडे कातडी तोंडी लावण्यापुरती आहे आणि ताट दुसऱ्या कशाने भरलेलं आहे. लोकांनी अनुभवाने लावलेलं हे प्रमाण मला फार शहाणं वाटतं.

तुम्ही पीठ सोडलं असल्याने चुऱ्याचा उपयोग तुम्हाला सर्वात जास्त होईल. रिंड्स जाड पिशवीत घालून लाटण्याने चुरा. रव्यापेक्षा जाडसर ठेवा, अगदी पूड केली तर चरबी सुटून ती ढेपाळते. कोंबडीचा किंवा माशाचा तुकडा टिपून कोरडा करा, फेटलेल्या अंड्यात बुडवा, चुऱ्यात घोळवून हाताने दाबा, दहा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा, मग ओव्हनमध्ये २०० अंशांवर भाजा. मी पहिल्यांदा केलं तेव्हा पावाच्या चुऱ्यासारखं समजून भरपूर तापलेल्या तेलात सोडलं. कोंबडी आतून कच्ची असतानाच वरचा थर काळा पडला. हा चुरा आधीच तळलेला असतो हे मी विसरले होते. म्हणून ओव्हन किंवा मध्यम आचेवरचा तवा, आणि तुकडे पातळ. मांसावर मीठ लावू नका. काळी मिरी, लसूण, लिंबाची साल चालेल. खिम्याचे गोळे करताना पावाऐवजी हाच चुरा घातला तर जिलेटिन ओलावा धरून ठेवतं आणि गोळे रसदार राहतात. अर्धा किलो खिम्याला मूठभर चुरा पुरे. अंड्याचा थर आणि कोंबडी सोबत असल्याने प्रथिनाचीही उणीव इथे भरून निघते.

चरबीचा थर तसाच ठेवून तळलेले जाड, कडक तुकडे हा आणखी वेगळा प्रकार. ते असा चुरा करून घोळवण्यासाठी नाहीत. हंगेरीत ते वाटून पिठात मळतात आणि तेपेर्त्योश पोगाचा नावाचे खुसखुशीत छोटे पाव भाजतात, अमेरिकेच्या दक्षिण भागात मक्याच्या पावात घालतात. तुमच्या सध्याच्या आहारात त्यांना जागा नाही, म्हणून पुढे जाते.

चुऱ्याची एक जबाबदारी असते. तो दिसत नाही. पाहुण्यांना असा पदार्थ वाढणार असाल तर आधी सांगाच. मुसलमान आणि ज्यू धर्मीयांना डुकराचं काहीच चालत नाही, आणि काहींना सस्तन प्राण्यांच्या मांसाची, अगदी जिलेटिनचीही ॲलर्जी असते, जी खाल्ल्यावर काही तासांनी उठते. गहू वर्ज्य असलेल्यांसाठी साधे रिंड्स सोयीचे, पण मसाल्याच्या प्रकारांत गव्हाचा अंश असू शकतो. लेबल वाचल्याशिवाय वाढू नका.

राहिलं ते तुमचं सादळलेलं पाकीट. रश्शात गेलं ते गेलं, पण काही उरलं असेल तर आधी नाकाशी धरा. जुन्या तेलाचा, रंगाचा किंवा ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर ते खवट झालं आहे, आणि भाजून खवटपणा जात नाही. तसं असेल तर टाकून द्या. वास स्वच्छ असेल आणि फक्त मऊ पडलं असेल, तर ओव्हनच्या ताटलीत एका थरात पसरा, १५० अंशांवर पाच-सात मिनिटं ठेवा आणि बाहेर काढून पूर्ण गार होऊ द्या. गरम असताना ते मऊच लागतील, कुरकुरीतपणा गार होताना येतो. मग घट्ट झाकणाच्या बरणीत भरून उजेडापासून दूर ठेवा आणि आठवड्याभरात चुरा करून संपवा. आईंसाठी त्याच संध्याकाळी भाजलेल्या भाज्या करा, त्यांच्या ताटात लिंबू पिळा आणि चुरा फक्त तुमच्या ताटात घाला.